बाईंचा डोळा आणि गुरुवारचा तास

"अप्पा, सुनंदाबाईंच्या एकसष्टीचा अंक काढायलोत. तुमी चार पानं लिहा. फक्त चांगलं चांगलं लिहा," असं गौरव समितीची मंडळी मला सांगून गेली आणि मी बेजार झालो. त्यांना सांगायला काय जातं? सुनंदाबाई कऱ्हाळे यांच्या चित्रकलेच्या वर्गात गेली सहा वर्षं मी दर गुरुवारी पोरांबरोबर बाकावर बसतो. त्या वर्गात 'छान', 'सुंदर' आणि 'मस्त' हे शब्द उच्चारायला बंदी आहे. चुकून एखादा तोंडातून निघाला की हौदावर जाऊन सगळ्या वर्गाचे ब्रश धुवायचे. बाई म्हणतात, "छान म्हटलं की माणूस पाहायचं थांबतो. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." आता गौरवाचा लेख लिहायचा आणि त्यात छान म्हणायचं नाही, हे करायचं तरी कसं?

म्हणून मी आपलं जे दिसलं तेच लिहितो. त्यात बाईंचं काम येईल, माया येईल आणि हट्टही येईल. सध्या तर मला हट्टच जास्त दिसतो आहे. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यातला चांगलाच पिकलाय, डॉक्टरांनी तीन वेळा बजावलंय, आणि बाई ऑपरेशनला जात नाहीत. कारण काय, तर गुरुवारचा तास बुडेल! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आपल्या हौसेनं चालवलेला तास. हा अंक वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी बाईंचे विद्यार्थी असतील. तुमच्यासमोर हे गाऱ्हाणं मांडावं म्हणूनच मी पेन हातात घेतलं, नाहीतर सातवी शिकलेल्या पेंटरचं गौरव अंकात काय काम?

आमची पहिली गाठ भांडणानंच पडली. बाई तेव्हा आमच्या गावच्या शाळेत नव्यानं लागल्या होत्या, जिंतूरहून एसटीनं येत. मी शाळेच्या भिंती रंगवायचं काम घेतलं होतं. माझं सगळं शिक्षण दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या पाहून झालेलं. अक्षराला वळण मात्र असं, की आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक पाट्या माझ्याच हातच्या. व्हरांड्यात पाढे झाले, जिल्ह्याचा नकाशा झाला, सुविचार झाले. शेवटच्या खोलीत शिडी लावली, तर दारात एक शिडशिडीत बाई उभ्या.

"पेंटर, ही भिंत सोडा."

"सोडा म्हंजे?"

"पांढरा रंग द्या आणि कोरी ठेवा. काही लिहू नका."

"आवं बाई, हेडसरांनी धा सुविचार सांगितलेत. आन रिकामी भिंत कशी दिसंल? लोक म्हणतील, पेंटर काम अर्धं टाकून पळाला."

"म्हणू द्या. त्यांना माझं नाव सांगा."

एवढं बोलून बाई दारातच उभ्या राहिल्या, मी शिडी उतरून डबा उचलेपर्यंत. ते दहा सुविचार मी मग चिडून मुतारीच्या बाहेरच्या भिंतीवर लिहिले. हेडसर माझ्यावर भडकले, बाईंना कुणी काही बोललं नाही. बाईंच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. करतात त्या आणि ऐकून घेतो दुसरा.

त्या कोऱ्या भिंतीवर बाई दर गुरुवारी एक चित्र टांगू लागल्या. एका वेळी एकच. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी आहे. कुठल्या जुन्या मासिकातून, कॅलेंडरातून, प्रदर्शनाच्या माहितीपत्रकातून कापलेली चित्रं कापड दुकानातल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी त्यात ठेवली आहेत. आपल्या देशातली, परदेशातली, बायकांनी काढलेली, पुरुषांनी काढलेली. सगळी अलीकडच्या काळातली, आणि आपल्यासारख्याला पाहून घाम फुटावा अशी. हंस नाही, हरीण नाही, घागर घेतलेली बाई नाही, डोंगरामागून उगवणारा सूर्य तर नाहीच नाही.

वर्गाची रीतही वेगळी. चित्र टांगलं की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग बाई विचारणार, "काय दिसतंय?" पोरं सांगत जाणार. सगळं सांगून संपलं की बाई ते चित्र भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवणार आणि म्हणणार, "हे चित्र काढायचं नाही. तुमच्या घरात, रानात, रस्त्यावर असं काय आहे ते शोधा, आणि ते काढा."

एकदा मी रंगाचे उरलेले डबे द्यायला गेलो, तर भिंतीवर नुसता काळा चौकोन. त्यात काही नाही. मला राहवलं नाही. "बाई, ह्याला चित्र म्हणायचं? पाटीला पहिला हात मारतो तवा हे असं मी रोज काढतो."

"रोज काढता ना? मग एकदा तरी थांबून पाहिलंय का?"

पोरं फिदीफिदी हसली. मी डबे तिथंच आदळून निघून आलो. पण दुसऱ्या दिवशी एका किराणा दुकानाच्या पाटीला काळा हात मारला आणि वाळेपर्यंत उकिडवा बसलो, तर त्या काळ्यात ब्रशच्या वाटा दिसायला लागल्या. कडेला पातळ, मध्ये दाट. दुकानदार म्हणाला, "काय पेंटर, झपकी लागली का?"

बाईंच्या असल्या तासांनी गावाला किती ताप दिला हे गावालाच ठाऊक. एका गुरुवारी त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा खेड्यातल्या बायकांच्या गोधड्यांचं चित्र लावलं. जुन्या विजारी-झग्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या, आणि मोठ्या शहरात दिमाखात भिंतीला टांगलेल्या. पाच मिनिटं कुणाला धड गप्प बसवेना. एक पोरगं ओरडलंच, "बाई, ही तर वाकळ हाय! आमच्यात चार हायत." पुढच्या गुरुवारी घरोघरच्या वाकळा शाळेत. वर्ग भरला, व्हरांडा भरला, झेंड्याच्या खांबालासुद्धा एक बांधली. फाटकापाशी बाया जमल्या. "आवं मास्तरीणबाई, पाव्हणे आले तर काय माह्यं लुगडं टाकू खाली? पोरीनं घरातली समदी अंथरुणं उचलून आणली!" बाईंनी त्यांना आत बोलावलं. म्हणाल्या, "आपली आपली ओळखा आणि कुठला तुकडा कशाचा ते पोरांना सांगा." भांडायला आलेल्या बाया दुपार टळेपर्यंत हलल्या नाहीत. हा लाल माझ्या लग्नातला, हा निळा मालकांच्या सदऱ्याचा, हा पोरगं झालं तेव्हाच्या झबल्याचा. घरी स्वयंपाक नाही म्हणून त्यांचे नवरे हेडसरांकडे तक्रार घेऊन आले.

दुसऱ्या एका वर्षी स्टीलच्या भांड्यांचा डोंगर रचणाऱ्या एका कलाकाराचं चित्र लागलं. ते पाहून पोरांनी खिचडीची सगळी पातेली, ताटं, वगराळी उचलून मैदानात झाड उभं केलं, ताटांची पानं आणि पातेल्यांचा बुंधा. बरोबर अकरा वाजता! खिचडी शिजवणाऱ्या नर्मदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तांदूळ कशात टाकू, माह्या टकुऱ्यात?" त्या दिवशी पोरं तासभर उशिरा जेवली. बाईंनी स्वतः पातेली घासली, वाढायला उभ्या राहिल्या, आणि वाढताना शेवटच्या पोराला विचारलं, "झाडाची सावली कुठपर्यंत पडली होती रे?" पश्चात्ताप म्हणून नाव नाही.

हे सगळं मी दुरून पाहत होतो आणि डोक्याला हात लावत होतो. पुढं जे झालं त्यात मात्र चूक माझी, आणि ती सगळ्यांसमोर लिहून टाकणं भाग आहे. कारण बाईंच्या आजच्या हट्टाचं मूळ त्या चुकीत आहे.

सहा वर्षांमागची गोष्ट. बाईंच्या बहिणीचं नांदेडला ऑपरेशन होतं. बाई दहा दिवस जाणार होत्या, म्हणजे दोन गुरुवार. पोरांचं काम मात्र ऐन भरात होतं. दूरच्या वाळवंटातल्या एका म्हाताऱ्या बाईनं नुसत्या ठिपक्यांनी काढलेलं तिच्या जमिनीचं चित्र पोरांनी पाहिलं होतं, आकाशातून पाहिल्यासारखं. त्यावरून चौदा पोरं हार्डबोर्डच्या फळ्यांवर आपापलं रान वरून पाहिल्यासारखं रंगवत होती. फळ्या परभणीच्या प्रदर्शनात जायच्या होत्या. बाई मला म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही नुसते बसा. रंग द्या, पाणी द्या. फळ्यांना हात लावू नका."

मी दोन्ही गुरुवार नुसता बसलो. आणि मधल्या रविवारी शाळेच्या शिपायाकडून किल्ली घेऊन चौदाच्या चौदा फळ्या नीट केल्या.

मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. पोरं लहान, हात कच्चा. कुणाचा बांध वाकडा, कुणाच्या पिकाच्या ओळी सापासारख्या गेलेल्या, रंग कडेबाहेर सांडलेला. परभणीचे लोक काय म्हणतील? बाई नाहीत तर आपण पोरांची लाज राखावी, असा माझा विचार. आमच्या धंद्यात दोरीला गेरू लावून ताणून झटका मारतात, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. तशा दोऱ्या मारल्या, रेघा सरळ केल्या, मोकळ्या जागा भरल्या, चौफेर बोटभर रुंद काळी किनार काढली. संध्याकाळी फळ्या ओळीनं उभ्या करून पाहिल्या तेव्हा माझाच ऊर भरून आला.

सोमवारी सातवीतली दुर्गा आली आणि आपल्या फळीपुढं उभी राहिली.

"अप्पा, ह्ये आमचं रान न्हाई."

"अगं तुझंच हाय की. फक्त नीट केलंय."

"आमच्या रानात अशा ओळी न्हाईत. माह्या मायनं पेरलंय ते."

दप्तर उचलून ती निघून गेली. मग तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं. त्या साली दुर्गाच्या वडिलांचा पाय मोडला होता, प्लास्टर घालून ते खाटेवर. मायनं, म्हणजे पार्वतीबाईंनी, जन्मात पहिल्यांदा स्वतः पेरणीची तिफण धरली. ओळी वाकड्या गेल्या. रस्त्यानं जाणारे लोक थांबून हसले. मध्ये एका जागी तिफण अडकली, पार्वतीबाई बांधावर जाऊन बसल्या, आणि तेवढ्या जागेत बी पडलंच नाही. दुर्गानं फळीवर हेच काढलं होतं, ओळ न् ओळ, आणि मधला तो मोकळा तुकडाही. त्या तुकड्यात मी हिरवागार रंग भरला होता. गावानं हसून केलं नाही ते मी मायेनं केलं.

बाई नांदेडहून आल्या. चौदा फळ्या त्यांनी एकेक करून पाहिल्या, भिंतीवरचं चित्र पाहतात तशा, पाच-पाच मिनिटं. शेवटी माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मला चौदा रानं दिसत नाहीत, अप्पा. मला एक दोरी दिसते. चौदा वेळा."

शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. "परवा गुरुवार आहे. येऊन बाकावर बसा. दोरी घरी ठेवा," एवढंच बोलल्या. फळ्या परभणीला गेल्या नाहीत. प्रदर्शनाच्या लोकांना बाईंनी कळवलं, की काम अपुरं आहे. माझं नाव कुठंही घेतलं नाही, आजवर घेतलेलं नाही. ते मीच इथं घेतो.

मी दुर्गाच्या घरी माफी मागायला गेलो. पार्वतीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. ऐकून घेतलं आणि खदखदून हसल्या. "आवं अप्पा, माह्या ओळी तुमी सरळ केल्या व्हय? मंग फळीवर कामून केल्या? पुढल्या साली तिफण घेऊन तुमीच या की पेरायला!" खाटेवरून त्यांचे मालकही हसले. दुर्गा मात्र घराबाहेर आली नाही, आणि गुरुवारच्या तासालाही आली नाही. मी बाईंना म्हटलं, तुम्ही तिला बोलवा. बाई म्हणाल्या, "नाही बोलावणार. रागावण्याचा हक्क तिचा आहे. तो पण तुम्ही नीट करणार का?"

बाकावर बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हतं. पोरांबरोबर चित्र पाहायचं, दिसलं ते सांगायचं आणि काढायचं. दोरी नाही, पट्टी नाही. पाट्यांवर हात फिरवून आयुष्य गेलं, आणि मला साधा बैल काढता येईना. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका गुरुवारी शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पाहिलं तर दुर्गा.

"अप्पा, ह्ये काय हाय?"

"बैल."

"बैल असा असतोय व्हय? ह्यो तर खुर्चीवानी दिसायलाय."

"मग तू कर की नीट."

"न्हाई," ती म्हणाली. "तुमचा बैल हाय. तुमी काढा, मी बघते."

त्या पोरीनं माझ्या बैलाला बोटसुद्धा लावलं नाही. बाईंनी वर्षानुवर्षं त्या खोलीत काय शिकवलं, ते मला त्या दिवशी समजलं. फार उशिरा समजलं, म्हणून स्वतःवरच चरफडत घरी आलो.

बाईंची माया सांगायची तर माझ्याच घरातली सांगतो. फ्लेक्स आले आणि हातानं रंगवायच्या पाट्या बसल्या. पाठोपाठ माझा हात थरथरायला लागला. ब्रश डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला आणि गुरुवारीही जायचं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात बाई दारात. हातात एक कात्री, पतंगाचे रंगीत कागद आणि पेटीतलं एक चित्र. उभं राहणं सुटल्यावर कागद कापून कापून चित्रं केलेल्या एका म्हाताऱ्याचं. "हात थरथरतो ना? मग थरथरलेलं कापा," म्हणाल्या, चहा घेतला, चालू पडल्या. आमच्या मंडळी मला म्हणाल्या, "ह्या वयात पतंगं करायलाव का आता?" केली. अजून करतो. माझ्या थरथरत्या हातानं कागदाला ज्या कडा येतात, त्या दोरीनं कधी आल्या नसत्या. पण बाई उपकार असे करतात, की आपल्याला नाही म्हणायची सवडच मिळत नाही, आणि त्यांच्यावर उपकार करायला जावं तर दार बंद!

आता डोळ्याचं सांगतो. मागच्या वर्षी एका गुरुवारी बाईंनी चित्र टांगलं, ते उलटं. नदीकाठच्या माणसांचं होतं. एक पोरगी म्हणाली, "बाई, माणसं डोक्यावर उभी हायती." बाई म्हणाल्या, "बरं. आणखी काय दिसतंय?" पोरांना वाटलं ते चित्रच तसलं. नवीन चित्रांचं काही सांगता येत नाही! तासभर चर्चा रंगली. मी मात्र बाईंच्या बोटांकडे पाहत होतो. चित्र काढून घेताना त्या पुठ्ठ्याची कड चाचपत होत्या, दोरा ओवायचं भोक शोधत.

पोरं गेल्यावर मी विचारलं. "बाई, चित्र उलटं लागलं होतं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"पोरं बोलली तेव्हा."

वर्षभर बाईंना भिंतीवरचं चित्र धड दिसत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. लागणार तरी कसा? बाई पहिल्या दिवसापासून तेच विचारत आल्या, काय दिसतंय? पोरं सांगत, बाई ऐकत. चित्र त्यांना पाठ. पोरांच्या डोळ्यांनी त्यांचा तास चालला होता, आणि तोही इतका सुरळीत की पाच वर्षं बाकावर बसलेला हा पेंटर फसला.

मीच त्यांना परभणीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पण आणखी पिकू दिलं तर अवघड होईल. एक डोळा झाला की दुसरा, आणि मध्ये काही आठवडे धूळ, धूर, एसटीचे धक्के नकोत. बाईंनी मान डोलावली. मग आधी पोरांची परीक्षा आली. परीक्षा झाली, प्रदर्शन आलं. प्रदर्शन झालं, तर म्हणे नवीन पोरांची आत्ता कुठं नजर बसायलीय, जरा थांबू. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बजावलं, तिसऱ्यांदा बजावलं. आता जिंतूरच्या बसस्टँडवर बाई बसची पाटी वाचत नाहीत, कंडक्टरच्या आवाजावर चढतात. एकदा पाथरीच्या गाडीत बसल्या. मी रागावलो, तर म्हणाल्या, "पाथरीचा रस्ता पाहिला नव्हता बऱ्याच दिवसांत." पाहिला! ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी मी सरळ विचारलं, "बाई, पाच-सहा गुरुवार दुसऱ्या कुणी घेतले तर काय आभाळ कोसळंल?"

बाई म्हणाल्या, "मागं मी दोन गुरुवार नव्हते, अप्पा."

माझं तोंड मीच बंद करून ठेवलेलं. त्यांची दृष्टी चालली आहे आणि ऑपरेशनच्या आड माझी ती दोरी उभी आहे. बाईंनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच भीती आहे, की पाठ वळली की कुणीतरी प्रेमानं येईल आणि पोरांचं सगळं सरळ करून ठेवेल. माणूस रागानं मोडतो त्याला अडवता येतं, मायेनं मोडतो त्याचं काय करावं? त्यांची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपायी डोळे घालवायचे, हे कुठलं शहाणपण?

मागच्या महिन्यात एक झालं. बाईंची एसटी रस्त्यात बंद पडली. त्या पाऊण तास उशिरा आल्या. तोवर पाचवीतल्या एका पोरीनं पेटी उघडली, चित्र टांगलं, सरळ टांगलं. पाच मिनिटं सगळे गप्प. मग तीच म्हणाली, "काय दिसायलंय?" पोरं सांगायला लागली. एकानं 'मस्त' म्हटलं, त्याला ब्रश धुवायला पिटाळलं. चित्र फिरवून ठेवलं आणि सगळी कामाला लागली. एका पोराच्या चित्रातलं घर पार कलंडलेलं, माझे हात शिवशिवायला लागले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या ऐकत होत्या. तास संपल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही काही केलं नाहीत?"

"न्हाई बाई. बसल्या जागेवरून हललो न्हाई."

मला वाटलं, जिंकलो! तर बाई म्हणतात, "एका दिवसाचं ठीक आहे हो."

मंडळी, इथं मी हात टेकले. ज्या बाईंनी सगळ्या गावाला पाहायला शिकवलं, त्यांना आपलीच पोरं दिसेनात! म्हणून आता बाईंना न विचारता ठरवलंय. त्यांच्याकडूनच शिकलो, आधी करायचं आणि मग लोकांना बोलू द्यायचं. दुर्गा आता जिंतूरला कॉलेजात आहे. ती दर गुरुवारी गावी येऊन पेटी उघडेल. तास पोरंच घेतील. फळ्यांना, कागदांना कुणी हात लावत नाही ना, यावर ती लक्ष ठेवेल, आणि माझ्यावर तर विशेष. मी ब्रश धुवीन. कुणी हौशी पेंटर, पालक, नाहीतर हेडसर नीट करायला आलेच, तर त्यांना मी माझी हकिगत सांगेन. ती ऐकून कुणी हात लावेल असं वाटत नाही. पार्वतीबाई बाईंसोबत परभणीला जाणार आहेत, नंतर जिंतूरला त्यांच्या घरी राहणार आहेत. मी म्हटलं, रानाचं काय? तर म्हणाल्या, "रान कुठं पळून जायलंय? बाईचा डोळा चालला की." डॉक्टरांकडून एकसष्टीच्या कार्यक्रमानंतरचा सोमवार मी घेऊन ठेवलाय.

गौरव समितीला माझी एकच विनंती आहे. हा अंक बाईंच्या हातात ठेवून मोकळे होऊ नका. त्या म्हणतील, "घरी नेऊन निवांत वाचीन," आणि पिशवीत घालतील. गेलं वर्षभर सगळ्या कागदांना त्या असंच म्हणतात, आणि आपण खरं मानतो. शालीच्या आधी हा लेख मांडवात मोठ्यानं वाचायला लावा. दुर्गा वाचेल. वाचून झाल्यावर बाईंना तिथंच विचारा, सोमवारी निघणार का? हो आल्याशिवाय शाल उघडू नका. मांडवात त्यांचे एवढे विद्यार्थी बसलेले असतील. बाईंनी आयुष्यभर तुम्हाला प्रश्न विचारले, एक तुम्हीही विचारा.

बाई, वयानं मी तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण बाकावरचा. म्हणून आशीर्वाद देऊ का नमस्कार करू हे मला कधी सुधरलं नाही. दोन्ही घ्या. भरपूर आयुष्य लाभो असं या अंकात सगळेच लिहितील. मी त्या आयुष्याला चालते पाय आणि पाहते डोळे मागतो, दोन्ही, उजवा आणि डावा. पट्टी सुटली की हा अंक स्वतः उघडा, हा लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि त्यात जिथं तुम्हाला माझं पटणार नाही तिथं मला बोलावून चांगलं खडसावा.

तोवरचे गुरुवार आमचे.